एक संगणक, दोन कारभारी



आमच्या घरी एक जुना संगणक आहे. पप्पा त्याच्यावर लग्नपत्रिका टाइप करतात आणि गारगोटीच्या छापखान्यात देतात. २०२५ च्या दिवाळीत त्याच्या पडद्यावर एक सूचना आली. ती वाचून पप्पांचा चेहराच उतरला.

संगणकाच्या आत एक कारभारी असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कळ दाबली की अक्षर दाखवणे, फाईल जपून ठेवणे, प्रिंटरला काम सांगणे, हे सगळे तोच बघतो. आमचा कारभारी होता विंडोज १०. तो २०१५ साली आला. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर कंपनीने त्याच्या नेहमीच्या मोफत सुधारणा बंद केल्या. म्हणून संगणक काही बंद पडत नाही, बरं का! पण चोर शिरेल अशी नवी फट सापडली, तर ती बुजवायला कोणी येत नाही. विंडोज ११ घालावा तर त्याला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आमच्याकडे दोन्ही नाही. नवा संगणक घ्यायचा तर उसाचे बिल यायला पाहिजे, आणि लगीनसराई तर तोंडावर आलेली!

माझा चुलतभाऊ कोल्हापूरला शिकतो. तो म्हणाला, "काका, लिनक्स घालूया. फुकट आहे." लिनक्सची सुरुवात १९९१ साली फिनलंड देशात लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने केली. आज त्याचे पुष्कळ प्रकार आहेत. आपल्या देशातल्या सी-डॅक संस्थेनेही 'बॉस' नावाचा एक प्रकार तयार केला आहे. आमची मेमरी फक्त ४ जीबी, म्हणून दादाने तिला झेपेल असा लिनक्स मिंट आणला. काहीही न पुसता त्याने तो आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून दाखवला.

मी हौसेने एक जुनी पत्रिका उघडली. बघतो तर काय! देवाच्या नावाच्या जागी वेडीवाकडी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे! मला रडूच आले. पप्पा म्हणाले, "गेलं सगळं. आता खायाचं काय?"

दादा हसला. म्हणाला, "पत्रिका हाय तशी हाय." मग त्याने समजावले. पप्पांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असतात. तो फॉन्ट नसला की खालचे इंग्रजी दिसते. युनिकोडमध्ये तसे नसते. तिथे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. 'क' चा क्रमांक आहे २३२५. म्हणून युनिकोडमधले मराठी दोन्हीकडे नीट दिसते. पण पप्पांचे सॉफ्टवेअर चालते फक्त विंडोजवर. मग ठरले, दोन्ही कारभारी ठेवायचे!

पहिल्यांदा दादाने सगळ्या फाईली दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या. उघडून खात्री केली. मगच ५०० जीबीच्या डिस्कमध्ये बांध घातला. विंडोजला ३०० आणि लिनक्सला २०० जीबी. आता संगणक सुरू केला की तो आधी विचारतो, कोणाला बोलावू? आपण दारे धरताना पाणी एका वेळी एकाच वाफ्यात सोडतो, तसेच हे. एका वेळी एकच कारभारी काम करतो.

विंडोजमध्ये आता फक्त पत्रिका होतात. तिथले इंटरनेट आम्ही तोडले आहे. पत्रिका झाली की पप्पा तिची पीडीएफ करतात. तिच्यात फॉन्टही बरोबर जातो. लिनक्सला बांधापलीकडची विंडोजची फाईल वाचता येते, म्हणून छापखान्याला पाठवायचे काम लिनक्समधून होते. ताईचा अभ्यास आणि माझी चित्रेही तिकडेच.

एक गंमत सांगतो. एकदा रात्री ८ वाजता विंडोज उघडले, तर घड्याळात दुपारचे २.३० वाजलेले! आजी म्हणाली, "दिवं लागलं तरी ह्येच्यात अजून दुपारच?" संगणकाचे आतले घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर लावते, आणि विंडोज तीच आपली वेळ समजते. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून नेमका तेवढाच फरक. दादाने लिनक्सला भारतीय वेळ लावायला सांगितले आणि भांडण मिटले.

मी आजीला विचारले, "दोघांत चांगला कोण?" आजी म्हणाली, "म्हस चांगली का बैल, असं कोन इचारतंय व्हय?"

तुमच्याकडेही असा जुना संगणक असेल तर भंगारात घालू नका. आधी त्याच्यावर कोणकोणती कामे होतात ती कागदावर लिहा. मग फाईली उतरवून घ्या. बांध त्यानंतर!

— इयत्ता ४ थी