गोधडी: घरातल्या चिंध्या आणि वाटेवरची नजर

गोधडी म्हणजे वापरून मऊ झालेल्या सुती कापडाचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेले अंथरूण-पांघरूण. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागांत तिला वाकळ म्हणतात, तर लगतच्या कन्नड मुलखात कौदी. रजईत किंवा दुलईत पिंजलेला कापूस भरतात. गोधडीत असे वेगळे काही भरत नाहीत. जुने लुगडे, विरलेले धोतर, पैरण, उसवलेली चादर हेच तिचे पोट असते. थर जागच्या जागी धरून ठेवायचे काम पूर्णपणे टाक्यांवर येते, म्हणून गोधडीवर टाक्यांच्या ओळी इतक्या दाट दिसतात.

तिच्या मापाचे गणित लुगड्यातूनच आले आहे. नऊवारी लुगडे साधारण 8.2 मीटर लांब असते. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे चार थर होतात आणि रुंदी लुगड्याच्या पन्ह्याइतकी राहते. एका माणसाला तेवढी पुरते. मोठी गोधडी हवी असेल तर दोन लुगडी काठाला काठ लावून जोडतात. इरकल लुगड्याचे रुंद, पक्क्या रंगाचे काठ अंगच्या कापडापेक्षा जास्त टिकतात, त्यामुळे ते कापून घेऊन गोधडीच्या कडेला लावण्याची पद्धत आहे. कडा आधी झिजते, आणि तिथेच सर्वांत चिवट कापड येते.

कापडाची निवड हा या कामातला निम्मा भाग आहे. सुती कापड अनेक धुण्यांनंतर आटायचे थांबते, घाम शोषते आणि सुईला अडत नाही. नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्या घराघरांत आल्यावर गोधडीचा कच्चा मालच कमी झाला. असे कापड थरात सरकते, त्यावर टाका बसत नाही आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटते. उरलेसुरले सुती कपडे भांड्यांच्या बदल्यात बोहारणीकडे जाऊ लागले. शिंप्याकडच्या नव्या कापडाच्या चिंध्या वापरायच्या तर त्या आधी गरम पाण्यातून काढाव्या लागतात. तसे न केल्यास पहिल्याच धुण्यात नवे तुकडे आटतात आणि जुने तसेच राहतात, मग गोधडी जागोजागी ओढली जाते.

शिवण्याचे काम बहुधा पिके निघाल्यावर, उन्हाळ्याच्या मोकळ्या दिवसांत होते. ओसरीवर किंवा अंगणात खालचे कापड ताणून पसरतात आणि कोपऱ्यांवर वजने ठेवतात. त्यावर थर अंथरून हाताने सुरकुत्या काढतात आणि मोठ्या कच्च्या टाक्यांनी सगळे टाचून घेतात. त्यानंतर खरी शिवण कडेपासून सुरू होते. एक चौकट पूर्ण झाली की बोटभर आत दुसरी, तिच्या आत तिसरी, असे करत टाके मध्यापर्यंत येतात. दोन बायका समोरासमोर बसल्या तर काम लवकर उरकते, पण दोघींचा हात जुळावा लागतो. एकीचा दोरा घट्ट आणि दुसरीचा सैल असेल तर गोधडी तिरकी होते. दोरा जरा ओढून घेतल्यामुळे कापडावर बारीक लाटा उठतात. त्या लाटांत आणि थरांमध्ये हवा अडकते, ऊब येते ती त्या हवेमुळे. टाके फार दाट घातले की गोधडी टिकते जास्त, पण ताठ आणि चपटी होते. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला म्हणूनच थर कमी, टाके विरळ आणि कापड आजीच्या सर्वांत जुन्या लुगड्याचे घेतात.

ठिगळे वरच्या थरावर येतात आणि तिथे शिवणारीची नजर दिसते. या बाबतीत उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांची कवंदी वेगळी नोंद घ्यावी अशी आहे. सिद्दी हे आफ्रिकी वंशाचे लोक. पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांपैकी अनेक जण निसटून घाटावरच्या जंगलात गेले. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांतल्या वस्त्यांत त्यांचे वंशज आहेत आणि त्यांच्या बोलण्यात कोकणी प्रामुख्याने आहे. कवंदीत वरचा थर आधी वेगळा जोडून घेत नाहीत. खाली साडी पसरायची, एका कोपऱ्यापासून ठिगळ ठेवायचे, त्याची कड दुमडायची आणि त्याच धावदोऱ्याने ते खालच्या कापडाला शिवत पुढे जायचे. ठिगळ जोडणे आणि थर शिवणे एकाच टाक्यात होते. चारी कडांनी फिरत काम आत सरकते आणि मध्यात संपते. शेवटी कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची ‘फुला’ लावतात. ती नसतील तर कवंदी उघडी राहिली असे मानतात. ख्रिस्ती घरांतल्या काही कवंद्यांत क्रूस आणि मुसलमान घरांतल्या काहींत चंद्रकोर दिसते. आफ्रिकी कलेचे अभ्यासक हेन्री ड्रूअल यांच्या पुढाकाराने 2004 मध्ये या स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली. पुढे कॅलिफोर्नियातील कलावंत मार्गारेट फाब्रिझिओ भारतात प्रवास करून ही रीत शिकल्या, आणि त्यांच्यामुळे अमेरिकेतल्या घरगुती शिवणकामात ती पोचली. वेगळे यंत्र नाही, आखणी नाही आणि छोट्यात छोटा तुकडा चालतो, त्यामुळे पहिल्यांदा शिवणाऱ्यांना यापेक्षा सोयीची रीत सापडणे कठीण.

गोधडी स्वतःही फिरस्त्यांच्या सोबतीची आहे. पंढरीच्या वाटेवरच्या वारकऱ्यांच्या वळकटीत, मेंढरांमागे निघालेल्या धनगरांच्या घोड्यांवर आणि बीडहून कारखान्यांकडे जाणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या सामानात ती असते. चिंध्या मात्र घरातल्याच असतात, आणि त्या कशा लावाव्यात हे बाहेर फिरताना सुचते. पाहण्यासारखी ठिकाणे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातील मिंटन कंपनीच्या फरश्यांत चौकोन, त्रिकोण आणि पट्टी यांचे प्रमाण समजते. बीबी का मकबऱ्याच्या जाळीत एकच आकार वळवून वळवून लावला आहे. गोव्यातल्या निळ्या-पांढऱ्या अझुलेजो टाइल्स पाहिल्या की दोनच रंगांवर एवढा मोठा भाग कसा पेलतो ते कळते. घरी निळ्या कपड्यांच्या चिंध्या आणि पांढरे धोतर असेल तर गोधडीला तेवढे पुरे. घाटातून उतरताना दिसणारी कोकणातली भातखाचरे सर्वांत उपयोगी. बांध कुठे रुंद, कुठे अरुंद, तरी ओळ तुटत नाही. साड्यांचे काठ वेगवेगळ्या रुंदीचे असतात तेव्हा ते कापून सारखे करण्यापेक्षा खाचरांसारखे एकाखाली एक लावले तर कापड वाया जात नाही आणि गोधडीला चाल येते.

अशा वेळी नक्षीची हुबेहूब नक्कल करू नये. वहीत रंग किती, मोठ्या भागाला लहान भाग किती, ओळ कुठे मोडली एवढे टिपून ठेवावे आणि घरच्या गाठोड्यातले कापड त्याप्रमाणे लावावे. चिंध्यांची गोधडी करायची म्हणून दुकानातून नवे तागे आणून त्यांचे तुकडे करणे हे तर या कलेच्या मुळावर येणारे आहे. प्रवासातून एखादा खण किंवा हातमागाची पट्टी आणली तर ती मध्यभागी शोभते. बाकीचे कापड अंगावर वापरलेले असावे.

आता बचत गटांच्या प्रदर्शनांत गोधड्या विकायला असतात. मशीनवर टीप मारलेल्या आणि आत पॉलिस्टर भरलेल्या गोधड्या स्वस्त पडतात, पण त्यांची टीप तुटली की कधीकधी शिवण लांबवर उसवते. हाताचा टाका तुटला तर तेवढाच दुरुस्त करता येतो. हाती शिवलेल्या गोधडीला लागलेले महिने तिच्या किमतीत उतरत नाहीत ही खरी अडचण आहे, आणि तुकडे मोजून दर ठरवल्याने ती सुटणार नाही. टाक्यांची मजुरी धरावी लागेल.

भिजलेली गोधडी एकट्याने उचलत नाही, म्हणून नवरात्राआधी ओढ्यावर किंवा नदीवर घरातल्या सगळ्या गोधड्या एकदमच धुवायला नेतात. पिळण्यापेक्षा उतरत्या दगडावर पसरून पाणी निथळू द्यावे आणि दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्यावे, कारण आतल्या थरात ओल राहिली की कुबट वास धरतो. ठेवताना घड्यांमध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड घालतात. वरचा थर विरला तर त्यावर नवे कापड घालून पुन्हा धावदोरा घेतात; फारच जुनी झाली तर तीच गोधडी नव्या गोधडीच्या पोटात घालतात.