बहिणाबाई शिरूरच्या नव्हेत, शिऊरच्या

आमच्या दौंड-शिरूर पट्ट्यात संत बहिणाबाईंचा विषय निघाला, की कोणीतरी छाती फुगवून म्हणतंच, "त्या आपल्या शिरूरच्याच की!" मोह मलाही झाला होता. पण घोडनदीकाठचं शिरूर वेगळं आणि बहिणाबाईंची समाधी आहे ते शिऊर वेगळं. ते छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यात. सगळा घोटाळा एका 'र'चा.

दुसरा घोटाळा नावाचा. शाळेच्या पुस्तकात भेटलेल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) आसोद्याच्या. त्यांची गाणी 1952 साली पुस्तकरूपात आली. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई पाठक जन्मल्या 1628 साली, देवगाव रंगारीला.

शिष्या म्हटलं की मीरेसारखी घरदार सोडून निघाली असेल, असंही लोक धरून चालतात. तसं नाही. कोवळ्या वयातच तिशीतल्या बिजवराशी लग्न लागलं. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग कानी पडले, ध्यास लागला आणि उपदेश मिळाला तो स्वप्नात, असं त्या स्वतः सांगतात. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानावं हे नवऱ्याला सोसेना. त्याने हात उगारला. पुढे तो आजारी पडला, पालटला आणि दोघं देहूला गेली. तिथे तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजीचा जाच होताच. काशी आणि विठ्ठल ही दोन मुलं वाढवत संसार शेवटपर्यंत चालला.

नवऱ्याचा मार आपल्याला कळतो तो कोणा चरित्रकाराकडून नव्हे, त्यांच्याच अभंगांतून. म्हणून मराठी बाईचं आत्मकथन इंग्रजी शिक्षणासोबत आलं, हा समज मला सर्वांत जास्त खटकतो. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' 1910 च्या. बहिणाबाई तर 1700 सालीच गेल्या होत्या. बाईने स्वतःबद्दल लिहिणं जगात त्याहूनही जुनं: जपानच्या दरबारातल्या इझुमी शिकिबूच्या नावावरची काव्यमय रोजनिशी हजार वर्षांपूर्वीची. पण तिच्या पाठीशी सम्राज्ञीचा महाल होता. बहिणाबाईंच्या वाट्याला आलेली सोबत म्हणजे कोल्हापुरातली एक गाय आणि कीर्तनालाही मागे मागे येणारं तिचं वासरू. ते वासरू मेलं तेव्हाचा आकांतही त्यांनी सांगून ठेवला आहे आणि मागल्या बारा जन्मांची हकीकतसुद्धा. जस्टिन अ‍ॅबट यांनी 1929 साली हे सारं इंग्रजीत नेलं.

समाधीला जायचं असेल तर शिरूरची एसटी धरू नका. दौंडहून रेल्वेने मनमाड, तिथे गाडी बदलून रोटेगाव आणि पुढे वैजापूरमार्गे शिऊर.