हवामानबदलाची कथा आणि आंबील ओढा

पुणे : मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञान रंजन कथा स्पर्धेत १९७४ मध्ये 'कृष्णविवर' या कथेने पहिले पारितोषिक पटकावले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे 'जगताप' म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून प्रतही पत्नीच्या हातची! परीक्षकांनी कीर्तीला नव्हे, कथेला गुण द्यावेत, एवढाच हेतू.

याच नारळीकरांनी पुढे 'हिमप्रलय'मध्ये मुंबईत बर्फ पाडले. उंच वातावरणात गोठलेले सूक्ष्म स्फटिक सूर्याचे ऊन परतवून लावतात, ही त्या कथेची शास्त्रीय कळ. ती काढली, तर कथाच उरत नाही. हवामानबदलावर लिहू पाहणारे पुष्कळदा घसरतात ते इथेच. ओझोनच्या थराला भोक पडल्याने पृथ्वी तापते, हा समज अजूनही जात नाही. ओझोन अतिनील किरण अडवतो. पृथ्वीवरून बाहेर पडणारी उष्णता रोखून धरणारा मुख्य दोषी कार्बन डायऑक्साइड आहे. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ पर्यंत त्याने ४२० चा आकडा ओलांडला होता.

कथाबीजासाठी मात्र हवाईपर्यंत जाण्याचे कारण नाही. पेशवाईत आंबील ओढ्याचा प्रवाह वळविला गेला आणि सदाशिव पेठेच्या वस्तीला जागा मिळाली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याच ओढ्याला पूर आला. सोसायट्यांच्या भिंती कोसळल्या, वाहने वाहून गेली; पुणे शहर व परिसरात वीसहून अधिक जणांचा बळी गेला. हवा एका अंशाने तापली, की तिची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते आणि थोड्या वेळात कोसळणाऱ्या पावसाला बळ मिळते. पण त्या रात्रीचा सारा दोष तापलेल्या हवेच्या माथी मारणारी कथा चाणाक्ष परीक्षक बाजूलाच ठेवील. ओढ्याच्या पात्रात बांधकामे कशी उभी राहिली, हे कथेतील एखाद्या पात्राने विचारायलाच हवे.