सीपॅपची नळी आणि घरचे मांजर

झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या विकारावर, म्हणजे स्लीप ॲप्नियावर, सीपॅप यंत्राचा उपयोग ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. हे यंत्र नळीवाटे दाबाने हवा सोडून घशातील मार्ग उघडा ठेवते.

ज्या घरी मांजर आहे तेथे या नळीची विशेष काळजी घ्यावी लागते. लवचिक, हलणारी आणि किंचित उबदार अशी ही नळी मांजराला खेळणेच वाटते. दाताचे एक बारीक छिद्र पुरेसे होते. हवा गळते, दाब उतरतो, श्वास पुन्हा अडू लागतो आणि झोपलेल्यास त्याचा पत्ताही नसतो. सकाळचे जड डोके व दुपारी गल्ल्यावर येणारी डुलकी यांचा दोष मग वयाला दिला जातो! पुष्कळ यंत्रांच्या पडद्यावर गळतीचा आकडा उमटतो. तो रोजमेळाप्रमाणे नित्य पाहावा.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे शयनगृहाचे दार लावून घेणे. मांजर रात्रभर दार ओरबाडणारे असेल, तर नळी पलंगामागील आकड्यावरून उंचावरून आणावी व तिला जाड कापडी खोळ घालावी. दिवसा नळी आणि मास्क कपाटात ठेवावेत. नळीला सुगंधी तेल चोळण्याचा उपाय मला मुळीच पसंत नाही. तो वास रात्रभर रुग्णाच्या नाकात जातो आणि अशी कित्येक तेले मांजरालाही विषारी ठरतात. फाटलेल्या नळीला चिकटपट्टी लावून काटकसर करू नये. एक जादा नळी घरात असावी. केसांनी फिल्टरही तुंबतो, तो दर आठवड्यास तपासावा.