विश्लेषण : हार्ट अटॅकमध्ये इंजेक्शन की थेट अँजिओप्लास्टी? गंगापूरच्या रुग्णासाठी काय योग्य?

गंगापूरच्या रुग्णालयात रात्री दोनला ईसीजी निघतो. डॉक्टर सांगतात, ‘मोठा अटॅक आहे, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आत्ताच देऊ.’ तेवढ्यात सोबत आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतो, ‘इथे काही करू नका. आम्ही थेट संभाजीनगरला नेतो, अँजिओप्लास्टीच करून टाकू.’ सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो आणि ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण मधले सुमारे ४० किलोमीटर आणि त्यापुढची धावपळ धरली, तर तो रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

अटॅकमध्ये नेमके काय होते?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीतला चरबीचा थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाट बंद होते. पुढचा स्नायू रक्ताविना मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही, त्यामुळे वाट किती लवकर मोकळी झाली यावर पुढचे सगळे आयुष्य ठरते.

धमनी पूर्ण बंद झाली की बहुतेक वेळा ईसीजीच्या रेषेत ठरावीक उंचवटा दिसतो. डॉक्टर त्याला ‘स्टेमी’ म्हणतात. इंजेक्शन की अँजिओप्लास्टी, हा प्रश्न या स्टेमीपुरताच आहे. दुसऱ्या प्रकारच्या अटॅकमध्ये, म्हणजे ‘एनस्टेमी’मध्ये, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन फायद्याचे नसते, रक्तस्रावाचा धोका मात्र राहतो. म्हणून ‘शेजारच्याला दिले तसे आम्हालाही द्या’ असा आग्रह धरण्यातही अर्थ नाही.

दोन उपायांत फरक काय?

इंजेक्शन शिरेतून देतात. स्ट्रेप्टोकायनेज हे जुने आणि स्वस्त औषध सलाइनमधून अर्ध्या ते एका तासात जाते. टेनेक्टेप्लेज हे नवे आणि महाग औषध वजनानुसार मात्रा ठरवून काही सेकंदांत, एकदाच टोचतात. ईसीजी वाचणारा डॉक्टर, मॉनिटर आणि शॉक देण्याचे यंत्र असले, की तालुक्याच्या ठिकाणीही ते देता येते.

अँजिओप्लास्टीला कॅथलॅब लागते. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयाच्या धमनीपर्यंत नेतात, फुगा फुगवून अडथळा बाजूला सारतात आणि जाळीदार स्टेंट बसवतात. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ मध्ये झुरिच येथे हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली. आज ती प्रत्येक मोठ्या शहरात होते, पण शहरातच होते.

मग चांगले कोणते?

समोर कॅथलॅब तयार असेल तर अँजिओप्लास्टी. यात वाद उरलेला नाही. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २३ चाचण्यांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात ७,७३९ रुग्ण होते. इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सुरुवातीच्या काळात शंभरी ९ दगावले, अँजिओप्लास्टी झालेल्यांपैकी ७. पुन्हा अटॅक येण्याचे प्रमाण इंजेक्शनच्या गटात ७ टक्के, तर अँजिओप्लास्टीच्या गटात ३ टक्के होते. इंजेक्शनचा आणखी एक धोका म्हणजे शंभरात साधारण एकाला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

हे आकडे पाहिले की थेट शहर गाठावे असेच कुणालाही वाटेल. पण दोन तासांनी होणारी अँजिओप्लास्टी आणि दहा मिनिटांत मिळणारे इंजेक्शन, अशी तुलना असेल तर पारडे फिरते. म्हणूनच युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनी सीमारेषा आखली आहे. ईसीजीवर निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत धमनी उघडता येणार असेल तर अँजिओप्लास्टी. ते जमणार नसेल आणि दुखणे सुरू होऊन १२ तास झाले नसतील, तर निदानानंतर दहा मिनिटांत इंजेक्शन.

गंगापूरचा हिशेब

‘तासाभराचा तर रस्ता आहे’ असे आपण म्हणतो. पण १२० मिनिटे संपतात ती फक्त रस्त्यावर नाही. गाडी मिळेपर्यंतचा वेळ आहे. ढोरेगावमार्गे निघाल्यावर वाळूजला कंपन्यांची पाळी सुटण्याची वेळ गाठली, तर तिथली कोंडी आहे. शहरातल्या रुग्णालयात नोंदणी, पुन्हा ईसीजी, संमतीची सही, पैशांची किंवा योजनेच्या कागदांची जुळवाजुळव होते. रात्री अनेक ठिकाणी कॅथलॅबची टीम घरून बोलवावी लागते. त्यानंतर नळी आत जाते. रस्त्याला एक तास धरला, तर बाकी सगळ्याला एकच तास उरतो, आणि पहिल्या रुग्णालयात जागा नाही म्हणून दुसरे शोधावे लागले तर तोही नाही.

गंमत अशी, की एकाच तालुक्यात उत्तर बदलते. वाळूज-रांजणगावच्या रुग्णाने थेट शहर गाठणे बहुतेक वेळा योग्य. कायगाव किंवा लासूर स्टेशनच्या रुग्णासाठी जवळच ईसीजी आणि स्टेमी असल्यास इंजेक्शन, हा मार्ग अनेकदा जास्त सुरक्षित. समोरच्या कॅथलॅबने फोनवर ‘टीम तयार आहे, निघा’ असे सांगितले असेल, तर गंगापुरातूनही थेट जाता येईल. तो फोन डॉक्टरांनी डॉक्टरांना केलेला बरा.

इंजेक्शन कुणाला देत नाहीत?

पूर्वी कधीही मेंदूत रक्तस्राव झालेला, नुकताच डोक्याला मार लागलेला किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेली, अंगातून रक्त जात असलेला, गेल्या काही महिन्यांत पक्षाघात झालेला आणि रक्तदाब खूपच चढलेला असे रुग्ण. रक्तदाब कोसळून रुग्ण थंडगार पडला असेल तर लांब असले तरी अँजिओप्लास्टीकडेच धाव घ्यावी लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा.

इंजेक्शन दिले, दुखणे थांबले. झाले?

नाही, आणि इथेच फसगत होते. छातीत बरे वाटले की घरी परतण्याची घाई सुरू होते. गुठळी विरघळली तरी तिच्याखालचा अरुंद भाग तसाच असतो. शिवाय प्रत्येकाची धमनी उघडतेच असे नाही. २०१३ च्या ‘स्ट्रीम’ चाचणीत आधी इंजेक्शन दिलेल्यांपैकी ३६ टक्के रुग्णांना तातडीची अँजिओग्राफी लागली. उरलेल्यांची अँजिओग्राफी सवडीने, साधारण दुसऱ्या दिवसापर्यंत झाली. तीस दिवसांनी पाहिले, तर हा गट थेट अँजिओप्लास्टीच्या गटाच्या मागे नव्हता.

म्हणून आताची पद्धत अशी : गावात इंजेक्शन द्यायचे, लगेच रुग्णवाहिकेतून शहराकडे निघायचे, तास-दीड तासाने पुन्हा ईसीजी पाहायचा. उंचवटा निम्म्याहून अधिक उतरला नसेल तर तातडीने अँजिओप्लास्टी, उतरला असेल तर २ ते २४ तासांत अँजिओग्राफी. ‘की’ हा शब्दच इथे गळून पडतो.

तमिळनाडूत लहान रुग्णालये कॅथलॅब असलेल्या मोठ्या रुग्णालयांना जोडून हीच पद्धत राबवली गेली. २,४२० रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आले. गोव्यात २०१८ पासून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय केंद्रस्थानी ठेवून असेच जाळे उभे राहिले. महाराष्ट्राने २०२१ मध्ये ‘स्टेमी महाराष्ट्र’ प्रकल्प सुरू केला. लहान केंद्रातला ईसीजी तज्ज्ञांपर्यंत पोहोचवून काही मिनिटांत निदान मिळवणे, ही त्यामागची कल्पना.

खरा वेळ जातो कुठे?

घरात. भारतातील २०,४६८ रुग्णांच्या ‘क्रिएट’ नोंदवहीत (२००८) दुखणे सुरू झाल्यापासून स्टेमीचे निम्मे रुग्ण पाच तासांहून उशिरा रुग्णालयात पोहोचले होते. ‘गॅस झाला असेल’, ‘पित्त असेल’ म्हणत सोडा, ओवा, मग गल्लीतल्या दवाखान्यात कमरेत एक इंजेक्शन. हे कमरेतले इंजेक्शनही पुढे त्रासाचे ठरते, कारण गुठळी विरघळवणारे औषध दिल्यावर त्या जागी स्नायूत रक्त साचू शकते. मधुमेही आणि ज्येष्ठ महिलांमध्ये छातीत कळ न येता नुसता दम, घाम, मळमळ किंवा जबड्यात दुखणे असू शकते.

दुखणे सुरू होताच १०८ वर फोन करा. खासगी गाडी लवकर मिळते हे खरे, पण वाटेत हृदयाची लय बिघडली तर शॉक देणारे यंत्र त्या गाडीत नसते. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर डॉक्टरांना फोनवर विचारून ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खाता येते. १९८८ च्या ‘आयसिस-२’ चाचणीत एकट्या ॲस्पिरिनने मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटले होते. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र स्वतःहून देऊ नका, रक्तदाब आणखी उतरू शकतो.

शहराकडे निघताना ईसीजीच्या मूळ पट्ट्या सोबत घ्या. इंजेक्शनचे नाव आणि दिल्याची वेळ रेफर चिठ्ठीवर लिहून मागा. स्ट्रेप्टोकायनेज एकदा घेतले असेल तर ते सहसा पुन्हा देत नाहीत, त्यामुळे तो कागद पुढेही जपून ठेवा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर असू द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत स्टेंटसह अँजिओप्लास्टीचा समावेश आहे आणि तातडीच्या वेळी योजनेतील रुग्णालयाला फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात. कोणत्या रुग्णालयात योजना आणि चालू कॅथलॅब दोन्ही आहेत, हे गाडी गंगापुरातून हलण्याआधीच विचारून घ्या.