पायथनची पॅकेजेस आपल्याच फोल्डरमध्ये कशी ठेवायची?

उद्या प्रोजेक्ट जमा करायचा आहे, कॉलेजच्या लॅबमधल्या उबुंटूवर पिपने पांडाज टाकायला जावं, तर पडद्यावर लाल अक्षरांत 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा एरर येतो. कॉम्प्युटर शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी अशा वेळी काय करायचं, ते आम्ही इथे सांगत आहोत.

आधी कारण समजून घेऊ. उबुंटूची स्वतःची काही कामंही पायथनवरच चालतात. आपण टाकलेल्या पॅकेजमुळे ती बिघडू नयेत म्हणून उबुंटू 23.04 आणि डेबियन 12 पासून हा अडसर आला. 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' हा पर्याय लावून तो ओलांडता येतो, पण नावातच धोका लिहिलेला आहे. त्या वाटेला जाऊ नका.

(खालच्या कमांड टाइप करताना इंग्रजी अक्षरंच वापरा.)

पहिला उपाय : फोल्डर आपण निवडायचा.

पिप इन्स्टॉल --टार्गेट=लायब्ररी पांडाज

पॅकेज आणि त्याला लागणारी इतर पॅकेजेस 'लायब्ररी' या फोल्डरमध्ये येतात. मात्र पायथन तिथे आपणहून बघत नाही. त्यासाठी 'पायथनपाथ' या व्हेरिएबलमध्ये त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. पुष्कळ मुलं इथेच अडतात : पॅकेज आलेलं असतं, तरी 'मॉड्यूल नॉट फाउंड' दिसतं. पुढे नवी आवृत्ती हवी असेल तर --अपग्रेड जोडा, नाहीतर जुनीच राहते.

दुसरा उपाय : वेन्व्ह. रोजच्या कामाला हाच बरा. पायथन 3.3 पासून, म्हणजे 2012 पासून, तो सोबतच येतो. उबुंटूवर मात्र त्याचं पॅकेज कधी कधी वेगळं टाकावं लागतं. ते लॅबच्या सरांना सांगा.

पायथन3 -एम वेन्व्ह प्रोजेक्ट

आता 'प्रोजेक्ट' फोल्डरमधलं वातावरण अ‍ॅक्टिव्हेट केलं की पुढची सगळी पॅकेजेस तिथेच जातात. काम संपलं, फोल्डर डिलीट केला, विषय संपला. पण हा फोल्डर उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊ नका, कारण त्यात जुन्या जागेचे पत्ते लिहिलेले असतात. त्याऐवजी 'पिप फ्रीझ'ने पॅकेजेसची यादी काढून तेवढी न्या.

घरी नेट नसेल किंवा डेटा संपत आला असेल, तर लॅबमध्ये 'पिप डाउनलोड'ने फाइली पेनड्राइव्हवर घ्या. घरी पिपला --नो-इंडेक्स आणि --फाइंड-लिंक्स हे पर्याय दिले की नेटशिवाय पॅकेज बसतं. दोन्हीकडे ऑपरेटिंग सिस्टम आणि पायथनची आवृत्ती सारखी हवी.

एक सावधगिरी : पॅकेजचं नाव नीट तपासा. एखादं अक्षर चुकलं तर मिळत्याजुळत्या नावाचं घातक पॅकेज येऊ शकतं.

लॅबचा किंवा भाईजानच्या ऑफिसचा लॅपटॉप आपल्याकडे अमानत असतो. आपलं सामान आपल्या फोल्डरमध्ये राहिलं, तर आपलं काम होतं आणि दुसऱ्याचं बिघडत नाही.