टांगत्या परडीची तहान

जमिनीतील रोपाची मुळे ओलाव्याच्या शोधात खोल जातात. टांगत्या परडीतील रोपास तो मार्ग नसतो. भोवती चहूकडून वारा खेळत असल्याने काथ्याच्या अस्तरातूनही पाण्याची वाफ होते व परडीतील थोडकी माती लवकर सुकते. मार्च २०२४ मध्ये टंचाईमुळे बंगळूर शहरात बागेसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई झाली. दंड ५,००० रुपये ठरला. अशा वेळी तांदूळ व भाजी धुतलेले पाणी उपयोगी पडते. परडी उचलून पाहावी. हलकी लागली तरच पाणी द्यावे. माती अगदी कोरडी झाली असता वरून ओतलेले पाणी कडेने वाहून जाते. म्हणून परडी बालदीत बुडवावी व बुडबुडे थांबताच बाहेर काढावी. बालदीत उरलेले पाणी दुसऱ्या रोपाच्या कामी येते.